आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! वणव्यापासून घर वाचवायचं तर काम अंगणातच करावं लागेल

बिलोली : महाशिवरात्र झाली की आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक रब्बीची सुगी आणि दुसरा संध्याकाळी रानातून उठणारा धूर. किनवट-माहूरच्या डोंगरात तो धूर वणव्याचा असतो. बिलोली, धर्माबाद, देगलूरच्या सपाट रानात तो पेटवलेल्या बांधांचा आणि धसकटांचा असतो. दोन्हींचा शेवट बऱ्याचदा एकाच छापाच्या बातमीत होतो : आगीत गोठा खाक, वर्षाचा कडबा जळाला, जनावरं होरपळली.

अशा बातम्यांच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं. 'अग्निशमन दलाची गाडी पोहोचेपर्यंत सर्व काही जळून गेलं होतं.' डेस्कवर बसून हे वाक्य इतक्या वेळा टाईप करावं लागतं, की आता ते बातमी वाटत नाही, तक्ता भरल्यासारखं वाटतं.

माझं म्हणणं असं, की या वाक्यात गाडीचा दोष कमी आणि आपल्या समजुतीचा जास्त आहे. आग लागल्यावर कुणीतरी येऊन ती विझवेल, या भरवशावर रानातलं घर वाचत नाही. घर वाचणार की नाही, हे आग लागण्याच्या महिनाभर आधी घराभोवती काय पडलेलं होतं, त्यावर ठरतं. कसं, ते नीट समजून घेऊ.

बिलोलीत जंगल कुठं आहे?

हा प्रश्न कुणीही विचारेल. नांदेड जिल्ह्याचं जंगल मुख्यतः उत्तरेला आणि ईशान्येला आहे. किनवट, माहूर, हिमायतनगर, भोकर हा तो पट्टा. इस्लापूर, बोधडी, मांडवी परिसरात आणि पैनगंगा अभयारण्याच्या कडेला साग, धावडा, मोह, तेंदू, पळस यांचं पानगळीचं रान आहे. बिलोली मांजरा-गोदावरीच्या बाजूचा काळ्या मातीचा तालुका. शेजारच्या लातूर जिल्ह्यात तर जंगल नावापुरतंच.

पण घराच्या दृष्टीने पाहिलं तर फरक फार उरत नाही. माहूरच्या डोंगरात कोलामांचं पोड असो, गोंडांचा गुडा असो की बंजारा समाजाचा तांडा, घराच्या मागच्या भिंतीपासून सुका पाला सुरू होतो. बिलोलीच्या शिवारात आखाड्याच्या मागच्या भिंतीपासून वाळलेलं गवत, तुराट्या, पऱ्हाटी आणि कडब्याची गंजी सुरू होते. आगीला सातबारा वाचता येत नाही. जंगल संपलं आणि शेत लागलं, हे तिला कळत नाही. तिला फक्त सुकं जळण कळतं.

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातल्या ३६ टक्क्यांहून अधिक वनक्षेत्रात वारंवार आगी लागण्याची शक्यता आहे. मध्य भारतातलं आणि दख्खनचं पानगळीचं रान यात येतंच. म्हणजे किनवटच्या माणसासाठी वणवा हा अपघात नाही, तो उन्हाळ्याचा भाग आहे. पावसाळ्याआधी आपण घर शाकारतो, कौलं फिरवतो. उन्हाळ्याआधी मात्र घरासाठी काहीच करत नाही. खरी अडचण इथे आहे.

आग घरापर्यंत येते कशी?

वणवा म्हटलं की डोळ्यांपुढे ज्वाळांची भिंत येते. प्रत्यक्षात घर पेटण्याचे तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग थेट ज्वाळेचा. जमिनीवरचं गवत पेटत पेटत भिंतीला लागतं आणि कुडाची भिंत किंवा दाराची चौकट धरते.

दुसरा मार्ग आचेचा. शेकोटीपासून दोन हात दूर बसलं तरी तोंड भाजतं, ती आच. शेजारची गंजी पेटली तर तिला न शिकताही गोठ्याचं लाकूड तापत जातं आणि शेवटी पेट घेतं. मात्र ही आच अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. आपल्या बाजूने असलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

तिसरा मार्ग ठिणगीचा, आणि सर्वात कपटी तोच. जळती पानं, गवताच्या काड्या, सालीचे तुकडे वाऱ्याबरोबर उडतात आणि आगीच्या कितीतरी पुढे जाऊन पडतात. पत्र्याच्या आणि भिंतीच्या फटीत, पन्हाळीत साचलेल्या पाल्यात, ओसरीवरच्या गोणपाटात, वाळत घातलेल्या गोधडीत. माणसं तिकडे बांधावर आग झोडपत असतात आणि इकडे घर आतून धुमसत असतं.

अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी घरं का पेटतात, यावर अनेक वर्षं अभ्यास केला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात जंगलाचा तुकडा मुद्दाम पेटवून त्यासमोर लाकडी भिंती उभ्या करण्याचे प्रयोग झाले. झाडांच्या शेंड्यांपर्यंत आग भडकलेली असतानाही ३० मीटरवरच्या, म्हणजे साधारण १०० फुटांवरच्या लाकडी भिंती पेटल्या नाहीत. १० मीटरवरच्या मात्र काही पेटल्या. निष्कर्ष सरळ होता. घराचं नशीब दूरच्या डोंगरावर ठरत नाही, घर आणि त्याच्या भोवतीची १०० फूट जागा ते ठरवते.

२०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाईज हे गाव वणव्यात बेचिराख झालं. ८५ जणांचा जीव गेला. तिथल्या छायाचित्रांत एक विचित्र गोष्ट दिसते : घरांची राख झालेली आणि शेजारची झाडं मात्र हिरवी उभी. ठिणग्यांनी एक घर धरलं आणि त्या घराच्या आचेने दुसरं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आगींत १६ हजारांहून अधिक घरं-इमारती गेल्या, त्यातही हाच प्रकार दिसला. जगातल्या सर्वात सुसज्ज अग्निशमन यंत्रणांपैकी एक तिथे होती, तरीही.

आपला वणवा वेगळा आहे, आणि ते बरं आहे

अमेरिकेचे व्हिडिओ पाहून आपण दोन चुकीचे अर्थ काढतो. एक, 'आपल्याकडे असं होत नाही'. दोन, 'असं झालं तर आपण काय करणार?'

आपल्याकडचा वणवा बहुतांशी जमिनीवरून सरकणारा असतो. सागाची पापडासारखी वाळलेली मोठी पानं, कुसळी गवत आणि काटक्या जळतात. ज्वाळा सहसा फार उंच जात नाहीत, शेंड्यावरून शेंड्यावर उड्या मारणारी आग इथे क्वचित. म्हणून तर झाडाच्या हिरव्या डहाळीने झोडपून वणवा विझवण्याची आपली जुनी पद्धत आजही चालते.

याचा अर्थ, जमिनीवरचं जळण तोडलं की आग थांबते. वनविभाग दर वर्षी जाळरेषा काढतो ती याच तत्त्वावर. हंगाम भरात येण्याआधी एक पट्टा आधीच साफ करून किंवा नियंत्रित पद्धतीने जाळून घ्यायचा, म्हणजे पुढची आग तिथे आली की तिला खायला काही उरत नाही. वनविभाग हे जंगलासाठी करतो. तेच घरासाठी आपण का करत नाही, हा माझा प्रश्न आहे.

फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, उतार. आग चढावर पळते, कारण ज्वाळा वरच्या बाजूचं गवत आधीच तापवून ठेवतात. चढ दर १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणून माहूरसारख्या डोंगरात घराच्या खालच्या बाजूचा पट्टा वरच्यापेक्षा जास्त रुंद हवा. दुसरी, दुपार. पातळ काडी तासा-दोन तासांत हवेइतकी कोरडी होते. सकाळी दवाने ओलसर असलेलं गवत दुपारी दोन वाजता बारूद झालेलं असतं. 'सकाळी पेटवून बघितलं, लागत नव्हतं' म्हणणाऱ्याचाच बांध दुपारी पेटून शेजाऱ्याच्या उसात शिरतो.

५, ३० आणि १०० फूट : हे तीन आकडे पाठ करा

वणव्याच्या प्रदेशात घराभोवती तीन पट्टे मानण्याची पद्धत जगभर रुळली आहे. आपल्या घरांना ती अशी लावता येईल.

पहिले ५ फूट : भिंतीपासून पाच फुटांत जळण्यासारखं काहीही नको. सरपणाची मोळी नको, गोवऱ्यांची उतरंड नको, पऱ्हाटीचा भारा नको, प्लास्टिकचे पाईप, ठिबकच्या नळ्या, रिकामी पोती काहीच नको. सारवलेलं अंगण, मुरूम किंवा फरशी उत्तम. आपल्या आज्या रोज सकाळी घराभोवती झाडून सडा टाकायच्या, त्यात अर्धी अग्निसुरक्षा होती. आता अंगण कमी झालं आणि भिंतीला टेकवून ठेवायच्या वस्तू वाढल्या.

५ ते ३० फूट : इथे झाडं चालतील, पण खाली पाला साचू द्यायचा नाही. झाडाच्या खालच्या, जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटायच्या. वाळलेलं गवत कापून ठेवायचं. तुराट्यांचं कुंपण घराला येऊन भिडत असेल, तर शेवटचे काही फूट तरी दगडाचं किंवा तारेचं करायचं. नाहीतर ते कुंपण म्हणजे आगीला घरापर्यंत घातलेली वात ठरते.

३० ते १०० फूट : कडब्याची गंजी, सोयाबीनची बनीम आणि गुळीचा ढीग इथे किंवा याच्याही पलीकडे. शक्य असेल तर एका मोठ्या गंजीऐवजी दोन लहान, आणि दोहोंमध्ये चांगलं अंतर. एक गेली तरी दुसरी वाचते, जनावरं मृगापर्यंत जगतात. गंजीभोवती चारी बाजूंनी नांगराचं तास किंवा वखराची पाळी मारून मातीचा पट्टा करायचा. ट्रॅक्टर रानात आलेलाच असतो, दहा मिनिटांचं काम आहे.

इथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. गंजी लांब ठेवली तर चोरी होते, रात्री वैरण आणायला म्हातारी माणसं कशी जाणार? त्यावर उत्तर असं : चार-पाच दिवसांची वैरण गोठ्याजवळ ठेवा, बाकीची लांब. सगळं वर्षाचं जळण जनावराच्या दावणीला खेटून ठेवण्यापेक्षा ते बरं.

आणि एक मर्यादाही सांगायला हवी. १०० फुटांत शेजाऱ्याचं शेत येत असेल किंवा वनविभागाची हद्द येत असेल, तर तिथे परस्पर झाडं तोडता येत नाहीत. राखीव वनातला पट्टा साफ करायचा असेल तर वनरक्षकाकडे आणि वनपालाकडे लेखी मागणी करावी लागेल. पहिले ३० फूट मात्र बहुतेक वेळा आपल्याच हातात असतात.

घराचं छप्पर वरून पाहा

ठिणगी वरून पडते, म्हणून छप्पर सर्वात महत्त्वाचं. गवती छप्पर असेल तर धोका उघड आहे. पण पत्र्याच्या घरातही धोका असतो, कारण पत्रा पेटत नसला तरी पत्र्याखालचे सागाचे वासे, बांबू आणि पत्र्यावर वजनासाठी टाकलेली लाकडं पेटतात. पत्रा आणि भिंत यांमधली मोकळी फट मातीने किंवा सिमेंटने बुजवा. हवेसाठी जागा ठेवायची असेल तर तिला बारीक लोखंडी जाळी लावा. कौलांवरचा आणि पन्हाळीतला पाला मार्चच्या सुरुवातीला एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा काढा. सागाची पानगळ उशिरापर्यंत चालते, एकदा साफ करून भागत नाही.

गेल्या काही वर्षांत घरकुल योजनांमुळे चित्र बदलतं आहे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कोलाम समाजाचा समावेश आहे. कुडाच्या जागी पक्क्या भिंती आणि स्लॅब आला तर ठिणगीचा धोका खूप घटतो. पण पक्कं घर झालं म्हणून निर्धास्त होणंही बरोबर नाही. जुनी झोपडी नव्या घराला टेकूनच स्वयंपाकघर किंवा गोठा म्हणून वापरात राहते. ती पेटली तर खिडकीच्या लाकडी चौकटीतून आग आत शिरते. नवं घर बांधताना दोहोंत अंतर ठेवायला सांगणारं कुणी असतं का? ग्रामपंचायतीने ते सांगायला हवं.

पण मुळात आग लावतं कोण?

आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. कारणं सगळ्यांना माहीत आहेत. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. तेंदूला नवी पालवी चांगली फुटते, या समजुतीने रान पेटवतात. पावसाळ्यात गवत चांगलं यावं म्हणून पेटवतात. शिवारात धुरे स्वच्छ करायला, उसाचं पाचट आणि कापसाची पऱ्हाटी संपवायला पेटवतात. त्यात विडी-सिगारेटची थोटकं आणि लोंबकळणाऱ्या वीजतारांच्या ठिणग्या यांची भर पडते.

यात आदिवासींना आणि शेतकऱ्यांना गुन्हेगार ठरवून मोकळं होणं सगळ्यात सोपं आहे. ते मला पटत नाही. मोह वेचणाऱ्या बाईला पहाटे चार तासांत टोपली भरायची असते, तिच्यासाठी पाला झाडण्याची मजुरी कोण देतं? पऱ्हाटी उपटून, बारीक करून जमिनीत मिसळायला यंत्राचं भाडं लागतं, काडेपेटी रुपया-दोन रुपयांत मिळते. पेटवणं हा आळस नसून हिशोब आहे. तो हिशोब बदलला तरच आग थांबेल. मोहाखाली जाळी अंथरून फुलं गोळा करण्याची पद्धत आहे. पाला पेटवायची गरजच राहत नाही, फुलंही स्वच्छ मिळतात. पऱ्हाटी-पाचट कुट्टी करणारी यंत्रं गटाने घेता येतात.

तोवर ज्याला पेटवायचंच आहे, त्याने किमान चार गोष्टी पाळाव्यात. शेजाऱ्यांना आधी सांगणं. दुपारी आणि वाऱ्यात न पेटवणं. भोवती आधी नांगरून घेणं. आणि राख थंड होईपर्यंत जागा न सोडणं. काडी लावून जेवायला घरी गेलेला माणूस हे गावोगावच्या आगींचं मूळ आहे.

कायदा काय म्हणतो?

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनाला आग लावणं गुन्हा आहे. त्याच कायद्याचं कलम ७९ मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. ज्यांना जंगलात चराईचा, वनोपज नेण्याचा हक्क किंवा परवानगी आहे, त्यांनी वणव्याची खबर देणं आणि तो विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. म्हणजे वणवा विझवणं ही नुसती समाजसेवा नाही.

शेतातल्या आगीला भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ लागू शकतं. आगीबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रत्यक्षात गावात शेजाऱ्यावर तक्रार कोण करणार? प्रकरण पंचांसमोर मिटतं किंवा बोलणं बंद होतं. म्हणून कायद्यापेक्षा आधी सांगून पेटवण्याचा गावचा नियम जास्त उपयोगी आहे, असं मला वाटतं.

दुसऱ्या बाजूला वनहक्क कायदा, २००६ ने ग्रामसभेला जंगलाचं रक्षण करण्याचा अधिकारही दिला आहे. किनवट-माहूरच्या गावांनी तो कागदावर न ठेवता वणव्याच्या हंगामात वापरायला हवा.

उपग्रहाला दिसतं, मग आपल्याला का कळत नाही?

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून वणवे टिपते आणि नोंदणी केलेल्या मोबाईलवर एसएमएस पाठवते. नागरिकांनाही त्यांच्या वन अग्नी पोर्टलवर नोंदणी करता येते. सुविधा चांगली आहे, जरूर घ्या. पण तिची मर्यादा ओळखून घ्या. हे उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच आपल्यावरून जातात. त्यातल्या एका संवेदकाचा एक ठिपका ३७५ मीटरचा, तर दुसऱ्याचा सुमारे एक किलोमीटरचा असतो. उपग्रह वरून गेला, माहितीवर प्रक्रिया झाली आणि मेसेज आला, तोवर तुमच्या मागच्या टेकडीवरची आग अंगणात पोहोचलेली असू शकते. हे वनविभागाला पथक कुठे पाठवायचं हे ठरवायला उपयोगी आहे, तुमच्या घराचा पहारेकरी म्हणून नाही.

घराचा पहारेकरी म्हणजे शेजारी. प्रत्येक वाडी-तांड्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर दिवसभर शुभ सकाळ फिरतं. मार्च ते मे 'आज कुठं पेटवणार' हा एक मेसेज त्यावर रोज पडला तरी खूप झालं. नेटवर्क नसेल तिथे देवळाची घंटा आणि भोंगा आहेच.

पाणी आहे, पण वीज?

विहिरीला पाणी आहे, मोटार आहे, म्हणून आपण निश्चिंत असतो. पण शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, आणि आग लागल्यावर सुरक्षेसाठी वाहिनी बंद केली जाते. म्हणजे नेमक्या वेळी मोटार मुकी. म्हणून आखाड्यावर उंचावर ठेवलेली पाण्याची टाकी, तिला लांब नळी, आणि दोन-तीन भरलेले पिंप मे अखेरपर्यंत असावेत. फवारणीचा पाठीवरचा पंप स्वच्छ धुऊन पाण्याने भरून ठेवा. ठिणग्या विझवायला त्याच्याइतकं चपळ साधन नाही. सोबत फावडं, वाळू किंवा माती आणि ओलं करायला गोणपाट.

तारा लोंबकळत असतील, रोहित्राजवळ ठिणग्या उडत असतील तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. विजेमुळे आग लागली तर पुढे विद्युत निरीक्षकाच्या चौकशीत ही नोंद कामाला येते. आणि हो, विजेच्या तारेखाली गंजी कधीच लावू नका.

आग दिसलीच तर क्रम हा ठेवा

- आधी माणसं बाहेर. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाया यांना आधी हलवा. निघायचं ते आगीच्या बाजूने किंवा उताराच्या दिशेने, चढावर नाही. नांगरलेलं रान, नदीपात्र, डांबरी रस्ता या सुरक्षित जागा.
- जनावरांची दावी सोडा, सुटत नसतील तर कापा. ती पळून गेली तरी सापडतील. दारात कोयता किंवा विळा टांगलेला असू द्या.
- गॅसचं रेग्युलेटर बंद करून काढून ठेवा. विजेचं मुख्य बटण बंद करा.
- दारं-खिडक्या लावून घ्या, म्हणजे ठिणगी आत शिरणार नाही. कुलूप मात्र लावू नका, मदतीला येणाऱ्याला आत जाता यायला हवं.
- अंगावर सुती कपडे, पायात चपलेऐवजी बूट, तोंडाला ओला रुमाल. नायलॉनची साडी किंवा टी-शर्ट अंगाला चिकटून जळतो.
- फोन : आपत्कालीन मदत ११२, अग्निशमन १०१, जंगलातली आग असेल तर वनविभागाची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाईन १९२६.
- आग पुढे सरकून गेल्यावर काही तास घर सोडून जाऊ नका. पत्र्याखाली, पन्हाळीत, शेणाच्या उकिरड्यात ठिणगी धुमसत राहते आणि मध्यरात्री पुन्हा पेटते.

सामान, दागिने, कागदपत्रं आणायला पेटत्या घरात परत जाणं सर्वात घातक. आधार, सातबारा, पासबुक, जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचे क्रमांक यांचे फोटो आजच काढून मोबाईलवर आणि मुलीच्या, भावाच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. मग परत जायचं कारणच उरणार नाही.

नुकसान झालं तर हातात काय येतं?

आग ही केंद्राच्या आपत्ती मदतीच्या यादीत आहे. २०२२-२६ या काळासाठीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण नष्ट झालेल्या घरासाठी १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये. झोपडीला ८ हजार. घराला लागून असलेल्या गोठ्याला ३ हजार. दुभती गाय किंवा म्हैस गेली तर ३७ हजार ५००, बैलाला ३२ हजार. यासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, म्हणजे तलाठ्याचा पंचनामा लागतो. जनावराच्या बाबतीत शवविच्छेदनाआधी त्याला पुरून टाकू नका.

हे आकडे पुन्हा वाचा. चांगली बैलजोडी बाजारात लाखाच्या पुढे जाते. गोठा तीन हजारांत उभा राहत नाही, त्याचे पत्रेही येत नाहीत. गंजीला माणसाच्या हातून लागलेली आग पीकविम्यात बसत नाही. घरासाठी विमा हवा असेल तर १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे आणि तिच्यात वणव्याची आगही येते. पण पत्र्याच्या, मातीच्या घराला ती कोणत्या अटीवर मिळते, ते विचारूनच घ्या. सरकारी मदत ही उभं राहायला दिलेली काठी आहे, पाय नाहीत. म्हणून पंचनाम्याची वाट पाहण्यापेक्षा पाच फूट झाडून घेणं कधीही स्वस्त.

मग मागायचं कुणाकडे?

वनविभागाचं काम जंगल वाचवण्याचं आहे. अग्निशमन गाडी साधारणपणे नगरपालिकेकडे असते, ग्रामपंचायतीकडे नसते. या दोघांच्या मध्ये रानातलं घर सुटून जातं. ते कुणाच्याच यादीत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण जुनी आहे, पण ती आपल्याला लागू पडण्याचं कारण हे नवंजुनं सरकारी अंतर आहे.

म्हणून तीन साध्या मागण्या. एक, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वणव्याचा विषय सक्तीने घ्यावा : कुठल्या बाजूला पट्टा काढायचा, धुरे कोणत्या दिवसांत पेटवायचे, कुणाला फोन करायचा. फेब्रुवारीच्या मध्यापासून आगीचा हंगाम धरला जातो, म्हणजे तयारीला तीन आठवडे मिळतात. दोन, उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी जे टँकर फिरतात, त्यांतल्या एखाद्याला पंप आणि नळी जोडून महसूल मंडळाच्या पातळीवर ठेवावा. तो शहरातल्या बंबाइतका चांगला नसेल, पण तासभर आधी पोहोचेल. तीन, वनविभाग हंगामी मजुरांकडून जाळरेषा काढून घेतो, तेव्हा जंगलालगतच्या वस्त्यांभोवतीचा पट्टाही त्याच कामात धरावा. मजूर त्याच वस्तीतले असतात. जंगल वाचवायला जाणाऱ्याचं घर मागे उघडं राहू नये.

या मागण्या मान्य व्हायला वेळ लागेल. काही होणारही नाहीत. तोवर आज संध्याकाळी एक काम करा. घराला एक फेरी मारा आणि भिंतीला टेकून काय काय ठेवलंय ते मोजा. सरपण, गोवऱ्या, पोती, पऱ्हाटी. जे जळेल ते पाच फूट बाजूला करा. त्यासाठी ना मंजुरी लागते, ना निधी. पावसाळ्याआधी घर शाकारायचं असतं, तसं उन्हाळ्याआधी ते मोकळं करायचं असतं.